तुम्ही विचारलंत म्हणून: निर्बंध असूनही रशियाचं तेल विकलं कसं जातं?

युक्रेन युद्धाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: एवढे निर्बंध लावले, मग रशियाचं तेल भारतात येतंच कसं? उत्तर असं की ते तेल थांबवायचं हे मुळात ठरलंच नव्हतं.

मार्च 2022 मध्ये ब्रेंटचा, म्हणजे जगात प्रमाण मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा, भाव पिंपामागे 130 डॉलरच्या वर जाऊन आला होता. रशियाचं तेल बाजारातून एकदम गायब झालं असतं तर भाव आणखी भडकला असता, आणि जे थोडं विकलं गेलं असतं त्यावरही रशियाने भरपूर कमावलं असतं. म्हणून 5 डिसेंबर 2022 पासून युरोपीय संघाने समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल स्वतःपुरतं बंद केलं आणि जी-7 या श्रीमंत देशांच्या गटासोबत इतरांसाठी 60 डॉलरची कमाल किंमत ठरवली. भारताने ही मर्यादा कधी मान्य केली नाही. भारतीय कंपनीने 70 डॉलरने तेल घेतलं तरी आपला कायदा मोडत नव्हता. बंधन होतं पाश्चात्त्य जहाजमालक, दलाल, बँका आणि विमाकंपन्यांवर.

त्यात विमा सर्वांत महत्त्वाचा. जगातल्या समुद्री जहाजांच्या सुमारे 90 टक्के टनभाराचा दायित्व विमा 12 पी अँड आय क्लबांचा (जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमासंस्थांचा) एक गट सांभाळतो. तेलगळती झाली तर भरपाई तेच देतात. म्हणून नियम केला: 60 डॉलरच्या वरचं तेल असेल तर विमा नाही.

गडबड अंमलबजावणीत झाली. विमा देणाऱ्याला तेलाचा भाव दिसत नाही. त्याला जहाजमालक भाव मर्यादेत असल्याचं हमीपत्र देतो, जहाजमालकाला जहाज भाड्याने घेणारा देतो, आणि त्याला व्यापारी. पहिला कागद खोटा असेल तर पुढचे सगळे प्रामाणिकपणे खोटे. शिवाय मर्यादा होती ती प्रिमोर्स्क किंवा नोव्होरोसियस्क अशा रशियन बंदरात तेल भरतानाच्या भावावर. जहाजभाडं आणि विम्याचा खर्च तिच्या बाहेर. मग तेल 59 डॉलरला दाखवायचं, भाडं फुगवायचं आणि वरचे पैसे विक्रेत्याशी संबंधित मधल्या कंपनीकडे वळवायचे. ही पळवाट दिसल्यावर, डिसेंबर 2023 मध्ये, प्रत्येक खेपेसाठी नवं हमीपत्र आणि मागितल्यास खर्चाचा तपशील, असे नियम आले.

तोवर रशियाने वेगळीच सोय केली होती: शॅडो फ्लीट, म्हणजे छुपा ताफा. भंगारात जायच्या वयाची टँकरं, एकेका जहाजापुरती काढलेली कंपनी, कोणाचा पत्ता नाही असा विमा, आणि गॅबॉन, कोमोरोस, कुक आयलंड्स असे बदलते ध्वज. पाश्चात्त्य सेवा घेतलीच नाही, तर किमतीची मर्यादा लागूच होत नाही.

असं जहाज तपासायचं तर नाव आणि ध्वज सोडून द्या, ते रंगाच्या डब्याने बदलतात. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक पाहा. तो सात आकडी असतो आणि जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. 9074729 घ्या: 63, 0, 35, 16, 21, 4 मिळून 139, म्हणजे 9. जुळलं. नाही जुळलं, तर क्रमांक बनावट किंवा चुकीचा उतरवलेला. जुळला म्हणून जहाज स्वच्छ ठरत नाही. त्याच क्रमांकाने मागचे मालक, विमा आणि निर्बंधांच्या याद्या शोधाव्या लागतात. ठावठिकाणा सांगणारं उपकरण मधेच बंद झालं असेल, किंवा जहाज भर समुद्रात दुसऱ्याला लागून तेल बदलत असेल, तर संशय पक्का धरा.

रशियाला खरा चिमटा बसला तो जहाजांची नावं यादीत घातल्यावर. मर्यादा मोडल्याबद्दल अमेरिकेने पहिल्या दोन टँकरांवर कारवाई केली ती ऑक्टोबर 2023 मध्ये, म्हणजे मर्यादा लागू झाल्यावर दहा महिन्यांनी. जुनी जहाजं विकत घेऊन ताफा उभा करायला एवढा वेळ पुष्कळ होता. 10 जानेवारी 2025 ला अमेरिकेने एकदम 183 जहाजं यादीत टाकली, तेव्हा अनेक टँकर तेल भरून समुद्रातच अडकले. हे पहिल्याच वर्षी व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. 2024 मध्ये रशियाच्या केंद्रीय महसुलाचा जवळपास तिसरा हिस्सा तेल आणि वायूतून आला. त्याच तिजोरीतून युक्रेनवर पडणाऱ्या क्षेपणास्त्रांचा खर्च निघतो.

पुढे युरोपने मर्यादा 47.60 डॉलरवर आणली, 3 सप्टेंबर 2025 पासून. ऑक्टोबरात अमेरिकेने रॉसनेफ्ट आणि लुकॉइल या रशियाच्या बड्या तेलकंपन्यांवरच निर्बंध घातले.

आपल्याकडे परिणाम गुजरातेत जामनगर आणि वाडीनारला दिसला. रॉसनेफ्टचा हिस्सा असलेल्या नायरा एनर्जीवर, तिच्या वाडीनारच्या रिफायनरीसकट, युरोपने जुलै 2025 मध्ये निर्बंध लावले. रशियन कच्च्या तेलापासून बनलेलं डिझेलही 21 जानेवारी 2026 पासून युरोपला चालत नाही. म्हणून रिलायन्सने जामनगरच्या निर्यातीसाठीच्या रिफायनरीत 20 नोव्हेंबर 2025 पासून रशियन तेल घेणं थांबवलं. देशांतर्गत बाजारासाठीची रिफायनरी वेगळी, तिला हा युरोपीय नियम लागू नाही.