आमची वाटचाल : ‘इथेच पडली हो!’

हरवलेल्या अंगठ्या-साखळ्या शोधून द्यायचा आमचा हा धंदा ठरवून सुरू केलेला नाही. तो एका फजितीतून सुरू झाला.

मी जमिनीखालच्या केबल आणि पाइप शोधून द्यायचं काम करायचो. खोदकामाच्या आधी जागेवर जायचं, यंत्र फिरवायचं आणि केबल जाते तिथे रंगाच्या खुणा मारायच्या. एका घरासमोर असंच काम चालू असताना आतून आजी आल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाळ, तुझ्या यंत्राला अंगठी सापडते का रे?’ आजोबांची अंगठी, बागकाम करताना बोटातून गेलेली. मी ऐटीत म्हणालो, ‘न सापडायला काय झालं?’

केबल शोधायचं यंत्र लांबलचक तारेतून जाणारा सिग्नल ओळखतं. एवढ्याशा अंगठीची त्याला दखलसुद्धा नसते. हे मला माहीत असायला हवं होतं. माझाच व्यवसाय होता तो. दोन तास बाग पालथी घातली आणि हाती काही लागलं नाही. आजीच शेवटी म्हणाल्या, ‘राहू दे बाळ, दमलास.’ ते ‘राहू दे’ फार लागलं. एक जुना मेटल डिटेक्टर विकत घेतला आणि सुट्टीच्या दिवशी परत गेलो.

पहिले दोन रविवार आजी दाखवतील ते फुलांचे वाफे तपासले. खिळे, तारेचे तुकडे, एक चमचा, खेळण्यातल्या गाडीचं चाक. तिसऱ्या रविवारी वाफे संपले, म्हणून नळाकडे वळलो. नळापासून हातभर अंतरावर, पायरीच्या कडेला, चार बोटं मातीखाली अंगठी होती. काम झाल्यावर आजोबा तिथे हातमोजे काढून झटकायचे. अंगठी नाही हे त्यांच्या लक्षात आलं वाफ्याजवळ, म्हणून ती वाफ्यात पडली असं सगळं घर धरून चाललं होतं. वस्तू पडते एकीकडे आणि आपल्याला कळतं दुसरीकडे. आजवरची आमची बरीचशी कामं मला या एका वाक्यात सांगता येतात.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. ही बँकेत कॅशियर होती. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर जुळेपर्यंत उठायचं नाही, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तीन रविवार गेले, कारण तू विचारलंस कुठे पडली? विचारायला हवं होतं, शेवटची बोटात कधी बघितलीत?’ पुढे नोकरी सोडून ती फोनवर बसली आणि तिथून खरी फर्म उभी राहिली. पाटीवर नाव माझं आहे, पण माणसं तिच्याशी बोलून आलेली असतात.

तिचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. अंगठी कोणत्या हातात होती? सैल होती का? त्या दिवशी हाताला साबण, तेल, मलम काही लावलं होतं का? पाणी गार होतं का? गार पाण्यात बोटं आकसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी अलगद निघून जाते. त्यानंतर हात कशासाठी वापरला? चेंडू फेकला, टॉवेल झटकला, कुणाला हात केला? त्या दिवसाचे फोटो आहेत का? फोटोंवरून तर कमालच होते. एका फोटोत अंगठी बोटात, पुढच्या फोटोत बोट मोकळं, आणि दोन्हींवर वेळ पडलेली. म्हणजे अंगठी पडल्याची वेळ दिवसभरावरून वीस मिनिटांवर आली. काही कामं तर मशीन गाडीतून न काढताच मिटली आहेत. ही फोनवर म्हणते, ‘ताई, घरी जाताना हातमोजे कुठे ठेवलेत?’ आणि पलीकडून किंचाळल्याचा आवाज येतो. अशा कामाचे आम्ही काही घेत नाही. ती मात्र वहीत ‘जमा’ लिहून ठेवते.

मशीनबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात. पडद्यावर ‘सोनं’ असं लिहून येतं, असं बहुतेकांना वाटतं. खाली गोल कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं असतं, ती सेकंदाला काही हजार वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. जवळ धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते कॉइलला परत कळतं. धातू किती चांगला वाहक आहे आणि आकाराने केवढा आहे, यावरून मशीन एक आकडा आणि एक सूर देतं. गंमत अशी की सोन्याच्या नाजूक अंगठीचा आकडा आणि शीतपेयाच्या डब्याच्या कडीचा आकडा जवळपास तोच येतो. चांदीच्या कागदाच्या बोळ्याचाही तिथेच कुठेतरी. म्हणून कचरा टाळण्यासाठी मशीनला ‘हे आकडे दाखवू नकोस’ असं सांगितलं की अंगठीही गेलीच. आम्ही सगळं खणतो. गिऱ्हाईक शेजारी उभं असतं. पहिल्या कडीला त्याचा श्वास अडकतो आणि दहाव्या कडीला तो आमच्याकडे संशयाने बघायला लागतो.

हिरा मशीनला दिसत नाही, दिसतं ते त्याचं कोंदण. अंगठी अखंड असेल तर सिग्नल छान गोल येतो. तीच चिरून उघडी झाली असेल तर आवाज मलूल होतो, कारण प्रवाहाला पुरतं वर्तुळ मिळत नाही. साखळी त्याहून अवघड. एवढी लांब वस्तू, सहज सापडेल असं वाटतं, पण मशीनला एकेक कडी वेगळी भासते आणि बारीक कड्यांचा आवाज जवळजवळ उमटतच नाही. साखळीचं काम आलं की आम्ही फासा कसा होता ते विचारतो. बरेचदा साखळीचा पत्ता फासाच देतो.

माझं आवडतं काम म्हणजे फेकलेल्या अंगठीचं. हो, लोक फेकतात. भांडण होतं, अंगठी काढून भिरकावली जाते आणि दुसऱ्या दिवशी दोघंही गप्प उभे असतात. अशा वेळी दोघांचं ऐकलं तर दिशा दोन, अंतरं दोन. म्हणून आम्ही अंगठीच्या वजनाचे पितळी वायसर, म्हणजे नट-बोल्टखाली घालतात त्या चकत्या, भगव्या रंगात रंगवून ठेवलेत. ज्याने फेकली त्याला त्याच जागी उभं करायचं आणि फेकायला लावायचं. एका बाईंनी पहिला वायसर हळूच टाकला, चार पावलांवर. ही म्हणाली, ‘ताई, इतक्या हळू फेकायची असती तर तुम्ही हातात दिली असती. काय बोलणं चाललं होतं ते आठवा.’ बाई क्षणभर थांबल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि पुढचा वायसर सणसणत कुंपणापलीकडच्या गवतात गेला. पुढचे तीन त्याच्या आसपासच. त्या चार खुणांभोवती दोरी लावली आणि तासाभरात अंगठी गवताच्या मुळाशी मिळाली. नवरा म्हणाला, ‘एवढी लांब?’ यावर कुणी काही बोललं नाही. आमच्यात तर असा नियमच आहे, भांडण कशावरून झालं हे विचारायचं नाही आणि ऐकलं तर विसरायचं.

समुद्राचं काम वेगळं आणि घाईचं. कोरड्या वाळूत पडलेली वस्तू थांबते, लाटेच्या पट्ट्यात पडलेली थांबत नाही. शुद्ध सोनं पाण्याच्या 19 पट जड, वाळूचा कण अडीच-पावणेतीन पट. लाटेने वाळू ढवळली की कण तरंगतात आणि सोनं खाली जातं; खालचा शिंपल्यांचा किंवा कठीण थर लागेपर्यंत जातच राहतं. त्यात खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे साधं मशीन ओल्या वाळूवर बडबड करत सुटतं. तिथे पल्सवर, म्हणजे थांबून थांबून सोडलेल्या विजेच्या झटक्यांवर चालणारं दुसरं मशीन लागतं. ते खाऱ्या पाण्याला भुलत नाही, पण धातूधातूंतला फरकही त्याला फारसा कळत नाही. म्हणजे पुन्हा सगळं खणणं आलं. ओहोटीचं वेळापत्रक बघून आम्ही रात्रीबेरात्रीही गेलो आहोत. टाचेने वाळूत रेघ ओढायची, तिच्याकडेने चालायचं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. डोक्याला दिवा, कानात हेडफोन, पाठीमागून पाणी चढतंय. घाई करायची इच्छा होते, पण कॉइल जमिनीपासून वर उचलली की खोलवरचं काही कळत नाही. ती वाळूला घासतच न्यायची, केर काढल्यासारखी.

आमच्या चुका सांगायच्या तर एक मोठी आहे. सुरुवातीला एका हिरवळीवर खुरप्याने एवढे खड्डे पाडले की अंगठी मिळूनही मालक आभार मानायला तयार नव्हता. त्याचं बरोबर होतं. आता तीन बाजूंनी कापून गवताचं झाकण उघडतो, माती कापडावर काढतो, पिनपॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या डिटेक्टरने नेमकी जागा बघतो आणि झाकण परत दाबून पाणी घालतो. दुसरी चूक जास्त वेळा केली. गिऱ्हाइकाचं ‘इथेच पडली हो!’ हे वाक्य फार मनावर घ्यायचो. नंतर कुठेतरी वाचलं की 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच यंत्र बनवून नेलं होतं. डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री, म्हणून शोध तिकडेच झाला. पलंगाच्या स्प्रिंगांनीही घोटाळा केल्याचं सांगतात. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. हे हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘बघ, म्हणजे तेव्हापासून.’

पैशांचं गणित बसायला वेळ लागला. आधी आम्ही ‘सापडलं तरच द्या’ म्हणायचो. त्यात दिवस जायचा आणि पेट्रोलही खिशातून. आता जाण्यायेण्याचा खर्च आधी ठरतो, बाकी सापडल्यावर. वस्तूच्या किमतीवर टक्का घेत नाही. लोखंडाचं कडंसुद्धा कुणासाठी शोधावंसं वाटणारं असतं आणि मेहनत तेवढीच लागते. जमीन दुसऱ्याची असेल तर त्याची परवानगी गिऱ्हाइकाने आणायची. तोंडी चालत नाही. कामात दुसऱ्याच कुणाची अंगठी निघाली तर ती जमिनीच्या मालकासमोर ठेवतो, वर्णन लिहून ठेवतो. पुरलेलं धन शोधून द्या म्हणणाऱ्यांचे फोन येतात, निम्मा वाटा देऊ म्हणतात. जुन्या वास्तूंजवळ मशीन घेऊन या म्हणणारे तर फार. त्यांना ही एकच प्रश्न विचारते, ‘तुमचं काय हरवलंय?’ फोन तिथेच संपतो.

तुमचंच काही हरवलं असेल तर आम्ही पोहोचेपर्यंत एवढं करा. जागच्या जागी थांबा आणि पायाने माती उकरू नका. दाताळं तर मुळीच फिरवू नका. वरवर असलेली अंगठी त्याने खोल जाते किंवा लांब ओढली जाते. उभे आहात तिथून दोन वेगवेगळ्या बाजूंचे न हलणारे खांब किंवा झाडं बघून ठेवा, फोनवर ते ठिकाण साठवा आणि चारी बाजूंचे फोटो काढा. ‘त्या खडकासमोर’ एवढ्यावर भागत नाही. किनारा दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. आणि गाडीतली सीट व तिची रुळं, धुवायच्या कपड्यांच्या बाह्या, एवढं आधी बघा. यात आमचं गिऱ्हाईक जातं, जाऊ द्या.

आता दोन मशीन आहेत, तिसरं दुरुस्तीत. मागच्या खोलीत शीतपेयाच्या डब्यांच्या कड्यांनी भरलेल्या बरण्या आहेत. प्रत्येक कामाचा कचरा आम्ही सोबत आणतो. हिची वही मात्र अजून तीच, बँकेतल्यासारखी जमा आणि बाकी अशा दोन रकान्यांची. ‘बाकी’च्या रकान्यात अजून काही नोंदी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी एका मुलीची. वडिलांची अंगठी आपल्या बोटात घालून ती पोहायला गेली होती. कंबरभर पाणी, ओहोटीला तीन तास. आम्ही तिथे सात वेळा जाऊन आलो. वादळ झालं आणि वाळू खरवडून निघाली की ही भरती-ओहोटीचा तक्ता काढते, मी बॅटऱ्या चार्ज करतो. मागच्या खेपेला खडकाच्या फटीशी छान गोल सिग्नल आला. दोघंही गुडघ्यावर बसलो. निघालं बाटलीचं बूच. हिने ते पाण्यात धुतलं, पिशवीत टाकलं आणि म्हणाली, ‘फटीच्या पलीकडचा भाग राहिलाय.’