मेकॅनिक आला की बरा होणारा फ्रीझर

चेस्ट फ्रीझरच्या बऱ्याच कंप्लेंट्स टूलबॅग न उघडता मिटतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. बारीक वायरची लांबलचक एक्स्टेन्शन असते, त्यावर अजून दोन वस्तू लावलेल्या, स्टार्टिंगला व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर नुसता हुं करून टक्कन ओव्हरलोडवर जातो, म्हणजे सेफ्टी स्विच त्याला बंद करतो. नाहीतर मोटरला स्टार्ट देणारा रिले काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ वाजतं, म्हणजे गोळी फुटली, बदला नि निघा. नाहीतर रबरापाशी बर्फ साठून झाकण नीट बसत नसतं. रोजचं आहे हे, यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पण हा एक फ्रीझर डोक्यातून जात नाहीये.

फोनवर काकूंचं पहिलंच वाक्य होतं, "दादा, तुम्ही आलात की तो चालणार, मला माहितीये." मी हसलो, सगळेच असं म्हणतात. पण घरी गेल्यावर त्यांनी एक पिशवी समोर ठेवली, त्यात जुना थर्मोस्टॅट, जुना रिले, कापून काढलेला फिल्टर (गॅसमधलं पाणी नि कचरा धरणारा), रबराचा एक तुकडा, म्हणजे आधी येऊन गेलेल्या प्रत्येकाने काहीतरी बदललं होतं. गॅस तर जवळजवळ प्रत्येकाने भरलेला. शेवटच्याने बॉडी लीक सांगितलं, म्हणजे फोमच्या आतली कॉइल फुटली, आता याचं काही होत नाही, नवीन घ्या.

आणि फ्रीझर? मस्त चालू. भिंतींवर चारी बाजूंनी सारखा बर्फ धरलेला, आत उणे अठरा, क्लॅम्प मीटरवर करंट बरोबर. गॅस कमी असेल तर बर्फ कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच धरतो आणि पुढची भिंत कोरडी राहते, इथे तसं काहीच नव्हतं. बॉडी लीकवाल्या फ्रीझरमध्ये एवढं कूलिंग टिकत नाही, हे सांगायला मशीनसुद्धा लागत नाही, नुसता हात फिरवला तरी कळतं. तरी एका घराला नवीन फ्रीझर घ्यायला लावायला निघाला होता तो.

मग मी काकांना विचारलं की बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं, अगदी सुरुवातीपासून सांगा. ते म्हणाले, मोटर चालूच असते, आवाज थोडा हलका होतो, मग बर्फ मऊ पडायला लागतो. मग आम्ही सामान शेजारी नेऊन ठेवतो, प्लग काढतो, झाकण उघडं ठेवतो, मेकॅनिकला फोन करतो. तो दुसऱ्या दिवशी येतो, काहीतरी करतो, चालू करतो, गार होतो. मग कधी दोन दिवस, कधी आठवडा, की परत तेच.

ऐकताना माझ्या डोक्यात एकच शब्द आला, मॉइश्चर चोक. सिस्टिममध्ये पाणी शिरलेलं असतं, थेंबभर, तेवढंही पुरतं. गॅसबरोबर फिरत फिरत ते कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस आत सोडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी येतं, तिथून पुढे एकदम उणे तापमान, तिथेच गोठतं आणि कॅपिलरीचं भोक आधीच सुईएवढं, ते बुजतं. कॉम्प्रेसर बिचारा चालतोय पण त्याच्याकडे गॅसच परत येत नाही, म्हणून आवाज हलका. प्लग काढून झाकण उघडं ठेवलं की बर्फ वितळतो आणि रस्ता मोकळा. म्हणजे मेकॅनिक दारात यायच्या आधीच फ्रीझर बरा झालेला असायचा! थर्मोस्टॅटवाल्याला वाटलं थर्मोस्टॅट होता, रिलेवाल्याला वाटलं रिले. खोटं कोणीच बोलत नव्हतं, चालू करून दाखवून गेले होते सगळे.

पण हे पकडायचं तर चोक झालेल्या अवस्थेत बघायला हवं. मी काकूंना वायरच्या सेन्सरचं थर्मामीटर दिलं, सेन्सर आत आणि डिस्प्ले बाहेर चिकटवला, आणि सांगितलं की आकडा उणे दहाच्या वर आला की मला फोन करा, प्लग काढू नका, झाकण उघडू नका, सामानाला हात लावू नका. काकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी घराला आग लागली तर पाणी टाकू नका म्हणतोय. "आणि सामान खराब झालं तर?" झाकण बंद असलेला भरलेला फ्रीझर वीज गेली तरी साधारण दोन दिवस धरून ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस, हे समजावलं तेव्हा कुठे हो म्हणाल्या, तेही अर्धवट.

फोन आला रात्री. उणे नऊ.

गेलो तर कॉम्प्रेसर चालू, करंट एरवीपेक्षा बराच कमी, बाहेरची बॉडी गार. चेस्ट फ्रीझरची कंडेन्सर पाइप (उष्णता बाहेर टाकणारी) बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते, चालू असताना ती बाजू गरम लागायलाच हवी. स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला आणि टोक आतल्या भिंतीला लावून ऐकलं, गॅस पडायचा जो सुस्स आवाज येतो तो अजिबात नाही. आधीच्या कोणीतरी चार्जिंग लाइनवर, म्हणजे गॅस भरायच्या नळीवर, पिन वॉल्व्ह तसाच ठेवून दिला होता (ही एक सवय, आपल्यालाच परत यायचंय म्हणून ठेवतात), तिथे प्रेशर गेज लावला. लावायच्या आधी होजमधली, म्हणजे गेजच्या नळीतली, हवा पंपाने ओढून घेतली, हे का ते पुढे सांगतो. काटा व्हॅक्यूमच्या बाजूला तीस इंचाच्या जवळ, म्हणजे जवळपास पूर्ण व्हॅक्यूम. कॉम्प्रेसर बंद केला. एरवी बंद केल्यावर काही मिनिटांत दोन्हीकडचं प्रेशर सारखं होतं आणि काटा वर येतो. हा जागचा हलेना.

आता एवढ्यावरून कचऱ्याचा किंवा ऑइलचा चोकसुद्धा असू शकतो. फरक एकच, पाण्याचा असेल तर उष्णता दिल्यावर सुटतो. साध्या फ्रीजमध्ये कॅपिलरीच्या तोंडाला गरम फडकं लावता येतं, चेस्टमध्ये ते तोंड फोममध्ये गाडलेलं. हेअर ड्रायर घ्यायचा नाही, कारण प्लेटवर आर-६००ए लिहिलेलं, म्हणजे आयसोब्यूटेन, पेट घेणारा गॅस. म्हणून काकूंना म्हटलं, मोठं पातेलंभर कडक पाणी द्या. कोपऱ्यातलं सामान सरकवून ते आत ठेवलं, झाकण लावलं, थोड्या वेळाने पाणी बदललं. काका म्हणाले, "म्हणजे गरम पाण्याने फ्रीझर गार होतो होय?" आणि नेमका तेव्हाच आतून गुळगुळ आवाज आला आणि काटा एकदम वर उडाला.

मला काय आनंद झाला ते त्या दोघांना समजणं शक्य नव्हतं.

आता होजमधल्या हवेचं. आर-६००ए उणे बारा अंशाच्या आसपास उकळतो. फ्रीझरची कॉइल त्याहून बरीच खाली चालते, त्यामुळे चालू फ्रीझरची सक्शन लाइन (गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारी) निरोगी असतानासुद्धा व्हॅक्यूममध्येच असते, गेजवर दहा ते पंधरा-सोळा इंच. जुन्या गॅसवर शिकलेला माणूस हे बघतो आणि म्हणतो, अरे गॅसच नाही, मार अजून. आणि त्याहून वाईट म्हणजे होज लावून वॉल्व्ह उघडला की होजमधली सगळी दमट हवा लाइन आत ओढून घेते. म्हणजे "गॅस चेक करतो" म्हणून जो कोणी आला तो थोडी हवा आणि थोडं पाणी आत सोडून गेला. तपासणीनेच आजार वाढत होता. वर हवा आत असली की हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढचं प्रेशर, वाढतं, बॉडी जास्त तापते, मोटर जास्त वेळ चालते, की पुन्हा कंप्लेंट.

रिपेअर दुसऱ्या दिवशी केलं आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. गॅस लांब नळीने बाहेर मोकळ्या हवेत सोडला, खोलीतल्या एकाही बटणाला हात लावू दिला नाही. लाइन नायट्रोजनने मोकळी केली. फिल्टर टॉर्चने नाही, कटरने कापून काढला, कारण टॉर्चने तापवलं की फिल्टरने धरून ठेवलेलं पाणी उलट सिस्टिममध्ये जातं. नवीन फिल्टरची टोपी अगदी शेवटच्या क्षणी उघडली. लोक टोप्या नसलेले फिल्टर बॅगेत स्क्रूसोबत घेऊन फिरतात, पाणी शोषायची वस्तू ती, बॅगेतच पोट भरून बसते, सिस्टिममध्ये जाऊन काय शोषणार? आणि काही जुने लोक अजून लाइनमध्ये स्पिरिट मारतात, की पाणी गोठू नये. गोठत नाही, खरंय, पण त्यातला मिथेनॉल अॅल्युमिनियम खातो आणि मोटरचं इन्सुलेशनही.

मग व्हॅक्यूम. कॉम्प्रेसरनेच ओढून घेणारे खूप आहेत, पंधरा मिनिटं पंप लावून काटा तीसवर गेला की झालं म्हणणारेही. त्या काट्याला पाणी दिसत नाही. मायक्रॉन गेज लागतो, म्हणजे अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारा, ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचं, वॉल्व्ह बंद करायचा आणि बघत बसायचं. आकडा वर जातच राहिला तर लीक, थोडा चढून थांबला तर आत अजून पाणी आहे. इथे थांबत होता. म्हणून मध्ये नायट्रोजन सोडून परत ओढलं, परत सोडलं, आत गरम पाण्याची पातेली ठेवली आणि कॉम्प्रेसरही कोमट ठेवला, कारण ऑइलमध्ये मुरलेलं पाणी सहज निघत नाही. दुपार गेली त्यात. आणि या पूर्ण वेळात बघणाऱ्याला काय दिसतं? मेकॅनिक स्टुलावर बसलाय. काकांनी दोनदा विचारलं, "अजून काही करायचंय का?" काकांचा दोष नाही, पण गॅस मारायला दहा मिनिटं लागतात आणि त्यात आवाज, वास, हालचाल सगळं असतं, लोकांना ते काम वाटतं.

शेवटी प्लेटवर जेवढा लिहिला होता तेवढाच, ५२ ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजून. पिन वॉल्व्ह काढला, लाइन पिंच करून सील केली. काका म्हणाले, आता पुढे गॅस कसा चेक करणार. म्हटलं, करायचाच नाही.

निघता निघता विचारलं की सगळ्यात पहिला मेकॅनिक कशासाठी बोलावला होता. काकू म्हणाल्या, नवीनच होता तेव्हा, बाहेरून चटका बसेल इतका तापायचा, आणि एकदा बंद केला की लगेच उघडायला गेलं तर झाकण उघडायचंच नाही. बस्स. बॉडी तापते कारण कंडेन्सर तिथेच आहे, आणि फ्रीझर भिंतीला चिकटवून ठेवलेला. झाकण धरतं कारण आत गेलेली गरम हवा गार होऊन आकसते, दोन मिनिटं थांबलं की सुटतं. फ्रीझर वीतभर पुढे ओढला असता तर विषय संपत होता. पण "काही झालेलं नाही" असं सांगून व्हिजिटचे पैसे मागायला जीभ रेटत नाही आमच्या धंद्यात, आणि मागितले तर समोरचा द्यायला कुरकुरतो, मग काहीतरी केलंय असं दाखवावं लागतं, आणि गेज लावणं सगळ्यात सोपं. त्या पहिल्याला एकट्याला शिव्या घालाव्यात असं वाटतं आणि मग वाटतही नाही.

फ्रीझर अजून चालू आहे, थर्मामीटर मी परत आणलेलं नाही. कॉम्प्रेसरची गॅरंटी मात्र दिली नाही, एवढे महिने ओलं ऑइल फिरलंय त्याच्यातून, तसं बिलावर स्पष्ट लिहिलं आणि काकांना ते आवडलं नाही.

बॉडी लीक सांगणारा परवा स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मी गॅस भरला तेव्हा तर चालू होता. बरोबरच आहे त्याचं. मग फोनवर माझ्या पंपाचा आणि मायक्रॉन गेजचा फोटो मागून घेतला आणि एखाद्या दिवसासाठी देतोस का विचारलं. गेज देईन बहुतेक. पंप नाही, लोक ऑइल बदलत नाहीत त्याचं.