शिगेची पायली

आमच्या माजघरात धान्याच्या कणगीशेजारी एक लोखंडी पायली आहे. तिच्या काठाखाली एक पोचा आहे आणि तो माझ्याच हातून, लहानपणी, उंबऱ्यावर आपटून पडलेला आहे. त्या पोच्यामुळे आमची पायली गावच्या पायलीपेक्षा मूठभर कमी भरते, असे आईचे म्हणणे असते. म्हणून ती मापताना नेहमी शीग जरा उंच घेते. शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहणारा धान्याचा निमुळता ढीग. एखादी गोष्ट ‘शिगेला पोहोचली’ असे आपण सर्रास म्हणतो, पण ज्या शिगेवरून हा शब्द आला ती भरताना पाहिलेली माणसे आता घरटी एखादीच उरली असतील.

मी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथे शीग चालत नाही. ग्रॅम, मिलिमीटर, अंश सेल्सिअस आणि टक्के या चौकटीबाहेरचा एकही आकडा वहीत उतरत नाही आणि तो तसा उतरू नये, याच मताचा मी आहे. हे मत मला पुस्तकाने दिले नाही, एका फसलेल्या सल्ल्याने दिले.

कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असताना मी मोठ्या दिमाखात अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन करून सांगितले होते, की बागायती गव्हाला 120 किलो नत्र द्यायचे असते. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली, की हा आकडा हेक्टरचा आहे. दुसरी, की नत्र म्हणजे युरिया नव्हे. युरियात नत्र असते शेकडा 46. अण्णांचे सगळे आयुष्य एकरात आणि गोणीत गेलेले असल्यामुळे त्यांनी तो आकडा ‘एकरी 120 किलो युरिया’ असाच ऐकला आणि 50 किलोच्या दोन गोण्या व वर एक घमेले, असा हिशेब करून गव्हाला दोन हप्त्यांत टाकला. गहू उत्तम आला. पोरगा शिकतो आहे, असे ते पारावर सांगत राहिले.

पुढे कधीतरी मी कागदावर गणित मांडले, तेव्हा मला घाम फुटला. एकराला 120 किलो युरिया म्हणजे 55 किलो नत्र, त्याला 2.47 ने गुणले की हेक्टरी 136 किलो. शिफारस 120 ची. एका चुकीने मात्रा अडीच पट केली होती आणि दुसरीने ती निम्म्याहून कमी केली होती. दोघींनी एकमेकींचे कान धरल्यामुळे गहू वाचला. अण्णांनी त्या दिवशी ‘नत्र’ हा शब्द नीट ऐकला असता, तर एकरी 261 किलो युरिया पडून सगळे पीक ओंबीसकट लोळले असते. ही कबुली मी त्यांना अजून दिलेली नाही.

खताच्या गोणीने अशी परीक्षा पाहण्याचे सोडलेले नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर 16 टक्के स्फुरद लिहिलेले असते, ते खरे तर फॉस्फरस पेंटॉक्साइड या रूपात मोजलेले असते. शुद्ध फॉस्फरस त्यात जेमतेम 7 टक्के भरतो. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनतज्ज्ञांची ऑक्साइडमध्ये लिहिण्याची सवय आपण आजही पाठीवर वाहतो आहोत.

जमिनीचे माप त्या मानाने सभ्य म्हणायचे. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर-आर’ मध्ये असते. त्यातला ‘आर’ हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1795 च्या कायद्याने मीटर, लिटर आणि ग्रॅम यांच्याबरोबरच जन्माला आला, हे तलाठ्याच्या टेबलापुढे रांगेत उभ्या असणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? आर म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद तुकडा, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, म्हणजे 101.17 चौरस मीटर. दोघांत फरक आहे तो एखाद्या पाटाएवढ्या जागेचा, त्यामुळे गावात दोघांना खुशाल एकच समजतात. भावकीची वाटणी सुरू झाली, की मात्र त्या पाटावर बसायला दहाजण येतात.

प्रयोगशाळेत बसून मी कधीकधी एका गंमतीवर विचार करत राहतो. आज आम्ही बियांना मापतो. एके काळी बियाच आपल्याला मापत होत्या. जुन्या भारतीय मापनात आठ यवांचे, म्हणजे जवाच्या दाण्यांचे, एक अंगुल आणि चोवीस अंगुलांचा एक हात होत असे. सोनाराच्या तागडीत लाल-काळी गुंज बसलेली असे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा 11.66 ग्रॅमचा धरला, तर गुंज साधारण 0.12 ग्रॅमची होते. तिकडे हिऱ्यामोत्यांचा कॅरट कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आला आणि इंग्रजांचा इंच जवाच्या तीन दाण्यांवरून. तिळभर, राईएवढे, गुंजभर, मूठभर असे बोलणारी भाषा मुळात शेतातच तयार झाली आहे. अडचण एवढीच, की बी हे जिवंत माप आहे. ते पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात सुकते, एका रानातले दुसऱ्या रानातल्याशी जुळत नाही. ज्याला मोजायचे तेच माप म्हणून वापरले, तर बदल झाला तो पिकात की मापात, हे कळायला मार्ग उरत नाही.

माप कोणाच्या अंगाने बेतलेले आहे, हा प्रश्न उजेडाच्या बाबतीत तर फारच मजेदार होतो. रोपवाटिकेतला उजेड पूर्वी फूट-कँडलमध्ये आणि नंतर लक्समध्ये मोजत असत. ही दोन्ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेली आहेत. आपल्या डोळ्याला पिवळसर हिरवा रंग सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून त्या रंगाला ती झुकते माप देतात. पानाची आवड वेगळी. त्यातले हरितद्रव्य प्रामुख्याने तांबडा आणि निळा प्रकाश शोषते. म्हणजे लक्समध्ये मोजलेला उजेड आपल्याला किती दिसते ते सांगतो, झाडाला किती मिळते ते सांगत नाही. म्हणून आता वनस्पतिशास्त्रात एका चौरस मीटरवर एका सेकंदात प्रकाशाचे किती कण पडतात, ते मायक्रोमोल या एककात मोजतात. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा 2000 च्या आसपास जातो. झाडाच्या बाजूने विचार करून बेतलेले हे एकक मला फार सौजन्याचे वाटते.

दशमान पद्धतीचे खरे सुख मात्र पावसात आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एका आरावर 100 लिटर आणि हेक्टरवर 10,000 लिटर. कागदसुद्धा लागत नाही. हेच एका एकरावर पडलेल्या एक इंच पावसाचे गणित करून पाहावे. उत्तर सुमारे 1,02,790 लिटर येते आणि ते येईपर्यंत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जातो. अण्णा दोन्ही भानगडींत पडत नाहीत. ते ढेकळात बोट खुपसतात आणि ‘चार बोटे ओल आहे’ म्हणतात.

शास्त्रज्ञांचा काटेकोरपणाही कधी हास्यास्पद होतो, हे मान्य केले पाहिजे. काही विज्ञानपत्रिकांत टन हा शब्द चालत नाही, मेगाग्रॅम लिहावे लागते; त्याच्या चिन्हात पहिले रोमन अक्षर मोठे आले तर हजार किलो, छोटे आले तर मिलिग्रॅम, आणि मोठ्या अक्षराचे तेच चिन्ह मॅग्नेशियमचेही. आपला क्विंटल त्यांच्या पंगतीला बसत नाही, पण बाजार समितीत त्याच्यावाचून पान हलत नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा रब्बीची पेरणी उरकली होती आणि मालदांडी ज्वारीचे थोडे बियाणे शिल्लक होते. मी किराणा दुकानातून काटा आणला आणि पायली मापायला बसलो. काठासपाट पायलीत ज्वारी भरली 3 किलो 700 ग्रॅम. तीच पायली सूर्यफुलाच्या बियांनी भरली, तर दोन किलोलाही टेकली नाही. मग आईला शीग घ्यायला सांगितले. तिने ज्वारीची शीग घेतली आणि काटा 4 किलो 40 ग्रॅमवर थांबला.

तो आकडा पाहून मी थोडा वेळ गप्पच बसलो. रब्बी ज्वारीच्या बियाण्याची शिफारस हेक्टरी 10 किलो, म्हणजे एकरी 4 किलो 47 ग्रॅम. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या म्हणतात ते ‘एकराला शिगेची पायली’. फरक सात ग्रॅमचा, आणि पोचा माझा.

अर्थात एवढ्यावर थांबलो असतो, तर मी प्रयोगशाळेचा माणूस कसला? सोनारी छोटा काटा पिशवीत होताच. प्रयोगशाळेतल्याप्रमाणे शंभर-शंभर दाण्यांचे आठ ढीग करून सरासरी काढली. हजार दाण्यांचे वजन 32 ग्रॅम आले. म्हणजे एका गुंजेच्या वजनात जवळजवळ चार दाणे. या हिशेबाने हेक्टरात तीन लाखांवर दाणे पेरले जातात, आणि 45 सेंटीमीटरच्या ओळींत 15 सेंटीमीटरवर ज्वारीचे एक ताट, म्हणजे धांडा, ठेवले, तर उभी राहतात 1,48,148 ताटे. उरलेले दाणे पाखरांचे, मुंग्यांचे, न उगवण्याचे आणि विरळणीचे. पायली ठरवणाऱ्या कोणा पूर्वजाने हा सगळा वाटा गणिताशिवाय धरून ठेवला होता.

दाणे मोजण्याचे काम अर्थातच आम्ही वाटून घेतले होते. मी चार ढीग, आईने चार. मी मनात मोजत होतो, ती मोठ्याने. तिच्या पहिल्या ढिगापाशी मी चमकून थांबलो, कारण तिने ‘एक’ म्हटलेच नाही. कणगीतले धान्य मापताना पहिल्या पायलीला जे म्हणायचे असते तेच तिने बोटाच्या टोकावरच्या त्या एकुलत्या दाण्याला म्हटले, आणि ताटात तो अलगद सरकवत पुढे मोजू लागली: लाभ, दोन, तीन, चार...