आमची वाटचाल: एका जुन्या लेथपासून छपरावरच्या सोलरपर्यंत

आमच्या अप्पांनी 1988 ला बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याचा एक गाळा घेतला, आत एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, आणि एक पिलर ड्रिल, बस एवढंच. फौंड्रीवाल्यांकडनं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, आणायचं, मशीनिंग करून परत द्यायचं, रोज संध्याकाळी सायकलवरनं जाऊन उद्याचं काम आहे का विचारून यायचं. तेव्हा महिन्याचं लाईट बिल म्हणजे घरातल्या किराणाएवढं, त्याची कुणाला काळजीच नव्हती. काळजी असायची ती मालाची आणि पेमेंटची.

मी डिप्लोमा करून 2004 ला शॉपमध्ये आलो. पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, लोन काढून घेतलं, मग दुसरं, मग एक व्हीएमसी, तेही तसलंच पण मिलिंगचं, आणि मग कळलं की बिल आता किराणाएवढं राहिलेलं नाही, पगारांच्या खालोखाल मोठा खर्च तोच झालाय. त्यात लाईट जाणं. व्हीएमसीवर कट चालू असताना लाईट गेली की इन्सर्ट, म्हणजे कापायचं टोक, तुटतो, जॉब स्क्रॅप होतो, आणि तो जॉब म्हणजे कस्टमरचं कास्टिंग, त्याचे पैसे आपल्या बिलातनं कापले जातात. म्हणून डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, घेतला. डिझेलची वीज लाईनच्या विजेपेक्षा दुपटीच्याही वर पडायची, पण डिलिव्हरी चुकवण्यापेक्षा ते बरं म्हणून चालवायचो.

सोलरचा विषय पहिल्यांदा 2018 ला निघाला. घरात सगळ्यांना वाटलं अप्पा नाही म्हणतील, पण ते लगेच तयार झाले. ते लहानपणी गोकाक फॉल्सला जायचे, तिथली गिरणी एकोणिसाव्या शतकापासून घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर चालत आलीय हे त्यांनी घरातल्या मोठ्यांकडनं ऐकलेलं आणि डोळ्यानं बघितलेलं. ते म्हणाले, पाण्यावर गिरणी चालत्याय तर उन्हावर लेथ का नाही चालणार, घाल तू. मला त्या एका वाक्यानं लई धीर आला.

पण ऑर्डर द्यायच्या आधी आमच्या इलेक्ट्रिशियन अण्णांनी मला थांबवलं. ते कन्नड, आमच्याशी मराठी-कन्नड मिसळून बोलतात, कन्नड बिलातली प्रत्येक ओळ त्यांनीच मला समजावून सांगितली. ते म्हणाले, सर, आधी वाया जातंय ते बंद करूया, मग सोलर किती लागतंय ते बघूया. एका रविवारी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला. कोण हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर दर थोड्या वेळानं लोड घेत होता, म्हणजे हवा गळत होती. साबणाचं पाणी लावत लावत सगळ्या लाईन बघितल्या, जॉइंट, होस, ब्लो गन, किती ठिकाणी बुडबुडे आले ते सांगायला लाज वाटावी एवढे. ते बदललं, जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, आणि महिन्याला साधारण 6000 युनिटवर आलो. आधी 40 किलोवॅटचं कोटेशन घेतलेलं, ते 30 वर आणलं. माझ्या मते सोलर घेणाऱ्या प्रत्येक शॉपनं हे आधी करावं, गळकी हवा उन्हावर तयार करायला पैसे घालण्यात काय अर्थ आहे.

2019 ला बँकेचं लोन घेऊन 30 किलोवॅट बसवलं. आणि पहिली चूक तिथंच झाली. आमच्या शेडला सिमेंटचे पत्रे, बरेच जुने झालेले. काम करणाऱ्या पार्टीनं त्यालाच भोकं पाडून स्ट्रक्चर घट्ट केलं आणि मीही बघत उभा राहिलो, बोललो नाही. जूनमध्ये बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि पाणी सरळ सीएनसीच्या कंट्रोल पॅनेलवर. ताडपत्री बांधून चार दिवस काम केलं. त्या ऑगस्टात तर सगळ्या जिल्ह्यानं पूर बघितला, आम्ही शेडमध्ये बादल्या घेऊन फिरत होतो. शेवटी पावसाळ्यानंतर पॅनेल उतरवून तेवढ्या भागाचे पत्रे बदलून कलर कोटेडचे घातले, तो खर्च कुठल्याच हिशोबात नव्हता. पॅनेल पंचवीस वर्षं टिकणार असेल तर खालचं छप्परपण तेवढं टिकणारं पाहिजे, हे मी आता विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं सांगतो.

दुसरी गोष्ट वीज गेल्यावर कळली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं वळीव येतो, वारं सुटतं, फांदी पडते, लाईन जाते आणि अर्ध्या तासात परत कडक ऊन. मला वाटलेलं आता लाईन गेली तरी मशीनं चालतील. सोलरची वीज लाईनसारखी करून देणारा इन्व्हर्टरच बंद! लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरनं करंट बसू नये म्हणून ग्रिड म्हणजे लाईन गेली की इन्व्हर्टरनं बंद व्हायचंच असतं, तो नियम बरोबरच आहे, पण आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. नंतर डीजीबरोबर सिंक करायचा कंट्रोलर बसवला, आता डीजी चालू झाला की सोलर त्याला जोडून घेतो आणि डिझेल कमी जळतं.

आणि तिसरी, जी मला अजून कुठल्या कोटेशनमध्ये लिहिलेली दिसली नाही, ती पॉवर फॅक्टरची, म्हणजे लाईनवरनं घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाची त्या प्रमाणाची. पहिल्या दोन महिन्यात युनिट निम्म्याच्या वर कमी झाले, सगळे खूश, पण बिलात पेनल्टीची रक्कम. अप्पा म्हणाले मीटर खराब असेल. मीटर बरोबर होता. मोटरांना कामाची वीज लागते आणि चुंबकत्व तयार करायला रिअ‍ॅक्टिव्हपण लागते. सोलरनं कामाची वीज दिली, ती लाईनवरनं घेणं कमी झालं, रिअ‍ॅक्टिव्ह मात्र पहिल्याएवढी लाईनवरनंच येत राहिली, त्यामुळं मीटरच्या नजरेत आमचा पॉवर फॅक्टर एकदम पडला. मशीनं तीच, वायरिंग तेच. अण्णांनी दोन दिवस बसून शोधलं, ही दुसरी वीज जागेवरच पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनेलचा सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, चुकीच्या जागी होता, सोलर जोडलेल्या जागेच्या आतल्या बाजूला. तो मेन इनकमरवर, म्हणजे लाईन शॉपमध्ये येते तिथं, घेतला, छोटे स्टेपचे कपॅसिटर वाढवले, पुढच्या बिलात पेनल्टी शून्य. अण्णांचे उपकार मी विसरणार नाही.

आता खरं किती मिळतं ते सांगतो. मार्च-एप्रिलला महिन्याला 3800 च्या आसपास युनिट, जुलैमध्ये कधी कधी 1800 पण नाही, वर्षाला साधारण 40000. नाईट शिफ्ट लाईनवरच. फिक्स्ड चार्ज तेवढाच राहतो. रविवारी शॉप बंद असतं तेव्हा वीज ग्रिडला जाते, तिचे पैसे मिळतात पण कमी, म्हणून जड काम, मोठं रफिंग म्हणजे सुरवातीचं जाड कातकाम, आम्ही सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये लावायला शिकलो. सबसिडी कारखान्याला नाही, 2024 ला आलेली पीएम सूर्यघर ही घरांसाठी आहे, आम्हाला टॅक्समध्ये घसाऱ्याचा म्हणजे 40 टक्के डेप्रिसिएशनचा फायदा मिळाला. आमचे पैसे सुटायला व्याज धरून साडेपाच वर्षं लागली, लोन फिटलंय.

शेजारच्या फौंड्रीवाल्यांचं गणित मात्र वेगळं आहे. धातू वितळवणारी इंडक्शन फर्नेस एवढी वीज ओढते की सगळं छप्पर भरलं तरी तिला पुरत नाही. त्यांच्यासाठी लांबच्या सोलर किंवा पवनचक्कीच्या प्रकल्पातनं वीज घ्यायची, ग्रुप कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे वीज वापरणाऱ्या काही जणांनी मिळून, त्या प्रकल्पाचे निदान 26 टक्के शेअर घ्यायचे आणि निदान 51 टक्के वीज आपण वापरायची, असा रस्ता आहे. 2022 च्या नियमानं अशी लांबची वीज थेट घ्यायची, म्हणजे ग्रीन ओपन अ‍ॅक्सेसची किमान लोडची मर्यादा एक मेगावॅटवरनं 100 किलोवॅटवर आणली, त्यामुळं मधल्या शॉपनापण दार उघडलंय.

फौंड्रीची काळी धूळ पॅनेलवर बसते, ती आठवड्याला धुवावी लागते, तीसुद्धा सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडायचे, म्हणून पावसाचं पाणी साठवायला टाकी केली. हे काम आमच्यातली दोन पोरं आपणहून करतात, अ‍ॅपवर आकडा वाढलेला बघून त्यांनाच आनंद होतो.

आता बेळगावजवळच्या मच्छेला स्वतःच्या जागेवर नवीन शेड बांधतोय. ड्रॉइंग काढताना अप्पा शेजारी बसले होते. छपराची मोठी उतरण दक्षिणेला घेतली, पॅनेल साधारण 16 अंशाच्या तिरप्यात बसतील असं, कारण बेळगावचा अक्षांशपण तेवढाच. वर जायला जिना, चालायला वाट, धुवायला नळ, सगळं आधीच काढलंय. पाया भरून झालाय, दसऱ्याला कॉलम उभे करायचे आहेत.