पन्नाशीत कारखाना सोडून गाडीवर निघायचं असेल तर

गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, बुटीबोरी-हिंगण्याची एमआयडीसी. इथे पंचवीस-तीस वर्षं काढलेले बरेच जण आता अठ्ठावन्नची वाट न पाहता गावी परतायचं म्हणतात. थोडी शेती असते, पोरं मार्गी लागलेली असतात आणि शिफ्टमुळे राहून गेलेलं फिरणं खुणावत असतं. विचार चांगलाच आहे. फक्त आधी पैशाचा हिशेब करा, मग गाडीचा.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 26,000 पगार आणि 28 वर्षं नोकरी असेल तर 4,20,000 रुपये. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम अटी पाळल्या असतील तर 5 लाखांपर्यंत करमुक्त असते.

लोक फसतात ते ईपीएस पेन्शनमध्ये, म्हणजे पीएफसोबत मिळणाऱ्या मासिक पेन्शनमध्ये. पगार 26,000 असला तरी वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल, तर 1 सप्टेंबर 2014 आधीच्या नोकरीला जास्तीत जास्त 6,500 आणि नंतरच्या नोकरीला 15,000 एवढाच पगार धरतात. पेन्शन म्हणजे वर्षं गुणिले हा पगार, भागिले 70. आधीची 17 आणि नंतरची 11 वर्षं असतील तर 17 × 6,500 ÷ 70 म्हणजे 1,578 आणि 11 × 15,000 ÷ 70 म्हणजे 2,357. महिन्याला एकूण 3,935 रुपये. पन्नाशीनंतर ही पेन्शन लवकर सुरू करता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी 4 टक्के कापले जातात आणि ही कपात जन्मभर राहते. बावन्नाव्या वर्षी घेतली तर हातात तीन हजारांच्या आसपासच येतील. म्हणून नोकरी सोडताना फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी धरायच्या नोकरीचा दाखला घ्या आणि 58 पूर्ण झाल्यावर पेन्शनचा फॉर्म 10डी भरा. मधली वर्षं शेती आणि व्याजावर निघत नसतील तर राजीनामा द्यायची घाई करू नका.

एकरकमी पैसा हातात आला की नजर साडेतीनशे सीसीच्या गाडीकडे जाते. क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे, स्प्लेंडरचं 112 च्या आसपास. हायवेवर हा फरक जाणवत नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर गाडी आडवी झाली आणि आजूबाजूला कुणी नसलं की जाणवतो. गुडघे-कंबर शिफ्टमध्ये झिजलेल्या माणसाने शंभर-सव्वाशे सीसीचीच गाडी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि कोणताही मिस्त्री तिला हात लावतो.

तशी मिस्त्रीची गरजही कमीच पडावी. ज्याने आयुष्यभर कन्व्हेअर आणि गिअरबॉक्सचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स केलं, त्याने तीच वही गाडीसाठी उघडावी. तारीख, किलोमीटर, काय केलं, एवढं लिहिलं तरी पुरे.

सगळ्यात जास्त लक्ष चेनला लागतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा. चेनकव्हरच्या रबरी बुचातून खालच्या चेनचा मधला भाग वर-खाली हलवून स्टीलच्या पट्टीने ढिलेपणा मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. ॲडजस्टमेंट सर्वांत ताठ जागेवर करायची. ढिल्या जागेवर केली तर दुसरीकडे चेन तारेसारखी ताठते आणि गाडी खड्ड्यात दबली की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आणा, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका अंगाने झिजतो. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ओढला जातो, त्यामुळे मागच्या ब्रेकचा प्ले पुन्हा लावा. हे बरेच जण विसरतात आणि मग लायनर घासून ड्रम तापत राहतो. चेन काढून बसवली असेल तर लॉकच्या पत्तीचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं.

धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरा, पेट्रोल नको. वाळल्यावर 90 नंबरचं गिअर ऑइल लावा, तेही संध्याकाळी, म्हणजे रात्रभर आत मुरतं. वरचं ऑइल सकाळी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटून त्याचीच घासणी होते.

फिटरच्या हाताला मोठ्या बोल्टांची सवय असते. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसतो. जोर लावला की आटे जातात. छोटा पानाच घ्या, वॉशर नवीन टाका, बोल्ट टेकल्यावर थोडासाच आवळा. बीएस-6 ची इंजेक्शन असलेली गाडी रिझर्व्हच्या खाली चालवू नका. पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. ही गाडी महिनाभर उभी ठेवली तर बॅटरी बसते आणि बॅटरीशिवाय पंप चालत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फिरवून आणा.

काळ्या मातीचा धडा वेगळाच. पावसात ती पुढच्या मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते आणि चाक जाम होतं. तेव्हा रेस वाढवली तर क्लच प्लेट जळतात. उतरा, काडीने माती काढा, बाजूच्या गवतावरून गाडी ढकला. माती त्याच दिवशी धुवा, वाळल्यावर ती सिमेंटपेक्षा कमी नाही. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाणी गढूळ असतं, खालचा रस्ता वाहून गेलेला दिसत नाही.

फिरायचे दिवस दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पण याच दिवसांत डांबरी रस्त्यावर आधी सोयाबीन, मग तूर वाळत पडलेली असते. दाण्यांवर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतंच. दुरूनच वेग कमी करा आणि वळण न घेता सरळ निघा. संध्याकाळी कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) रिफ्लेक्टरशिवाय चालतात, आणि एक रोही (नीलगाय) रस्ता ओलांडून गेला म्हणजे मागे आणखी असणारच. दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचायचं. चाळिशीनंतर समोरच्या लाइटचा त्रास वाढतो, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर जास्तच. एप्रिल-मेमध्ये सकाळी पाच ते नऊ एवढंच चालवा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. अशी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा नागपूरहून लोणारला जुन्याच रस्त्याने जायचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे 1,100 मीटर उंचीवर जात असाल, तर उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनने गाडी रोखा. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ड्रम तापतो आणि शेवटच्या वळणांवर पकड उरत नाही.

लायसन्सची तारीख आजच पाहा. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनीच नवं होतं, सोबत डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1ए लागतो, आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.