शाईची बोळकांडी : नोंद ३

'बेंडी अँड द इंक मशीन' या भयखेळाच्या वळणाची एक बोळकांडी गोडॉट ४ या गेम इंजिनमध्ये बांधायचं काम चालू आहे. त्रिमितीय मॉडेलं ब्लेंडरमध्ये, चित्रं क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. लांबी १२ मीटर, रुंदी २ मीटर, टोकाला काटकोनात वळण, भिंतींना फळ्या, डोक्यावरून जाणारा शाईचा पाइप. या टप्प्यात रंग, रेघा आणि पुठ्ठ्याचा कटआउट मार्गी लागले. शाई गळते, पण हवी तशी नाही. आवाज अर्ध्यावर आहे.

आधी रंग, कारण या खेळाची निम्मी भीती तिथेच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या चॅप्टरमध्ये घडतं तसं थोडंच: हेन्री हा नायक जुन्या कार्टून स्टुडिओत परत येतो, सहा वस्तू गोळा करून चौथऱ्यांवर ठेवतो, शाईचा प्रवाह चालू करतो. तरी अंगावर काटा येतो. सगळं जग जुन्या कागदासारखं पिवळट, सावल्यासुद्धा बहुतेक ठिकाणी तपकिरी, आणि गडद काळा राखून ठेवलाय तो शाईसाठी. काळं दिसलं की जपायचं, हे डोळा आपोआप शिकतो. मग ध्यानात येतं की प्रत्येक फळीची कडसुद्धा त्याच काळ्या रेघेने काढलेली आहे. ज्याची धास्ती, त्याच शाईने घर रेखलेलं. कार्टूनचा पेहराव घातलेले भयपट-खेळ पुष्कळ निघाले, पण ही गोष्ट ज्यांना उमगली ते मोजकेच.

म्हणून एकच नियम पाळायचा: अंधारापेक्षा शाई काळी. गोडॉटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (दृश्याचा उजेड आणि रंग ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) टोनमॅप, म्हणजे उजेडाचं पडद्यावरच्या रंगांत रूपांतर, लिनिअर ठेवा, अॅडजस्टमेंट्स चालू करून सॅच्युरेशन ० करा आणि कलर करेक्शनमध्ये चार टप्प्यांचा ग्रेडियंट (रंगपट्टा) द्या; त्यात ० म्हणजे सर्वांत गडद, १ म्हणजे सर्वांत उजळ. ० वर शाई (लाल २०, हिरवा १६, निळा ११), ०.१५ वर गडद तपकिरी (७४, ५०, २४), ०.५ वर मधला (१६८, १२४, ६६), १ वर कागद (२३२, २०५, १४८). सॅच्युरेशन ० करायचं राहिलं तर लाल, हिरवा, निळा तिन्ही आपापले वेगळे बदलतात आणि लाकडावर हिरवट झाक येते. अॅम्बियंट लाइट (सगळीकडे सारखा पसरलेला उजेड) इतका वाढवा की सर्वांत अंधारा कोपराही ०.१५ च्या खाली जाणार नाही. नुसत्या नजरेवर विसंबू नका. स्क्रीनशॉट क्रितात उघडून कलर पिकरने मोजा. फळीचा मूळ रंगच फार गडद रंगवला असेल तर अॅम्बियंट कितीही चढवला तरी कोपरा शाईत बुडतो. अशा वेळी टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) उजळ करा, दिवा नाही.

रेघांना सर्वांत जास्त वेळ गेला. आतल्या रेघा टेक्स्चरमध्ये हाताने काढलेल्या आहेत, बाहेरची कड ब्लेंडरच्या सॉलिडिफायने (मॉडेलला जाडी देणाऱ्या मॉडिफायरने) दिलेली. दोन्हींची जाडी एकसारखी नसेल तर वस्तू भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते. आमचा हिशोब असा: १०२४ पिक्सेलचं टेक्स्चर २ मीटरवर पसरतं, म्हणजे मीटरला ५१२ पिक्सेल. ६ पिक्सेलची रेघ सुमारे १.२ सेंटिमीटर भरते. म्हणून सॉलिडिफायची थिकनेस ०.०१२, ऑफसेट १, ईव्हन थिकनेस चालू, नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते सांगणाऱ्या दिशा) उलटे, मटेरियल ऑफसेट १ आणि दुसऱ्या जागी सपाट काळं मटेरियल. त्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल लावून घ्या, नाहीतर लांब फळीची कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होते.

इथली नेहमीची चूक म्हणजे काळ्या मटेरियलवर बॅकफेस कलिंगची (मागची बाजू न दाखवण्याची) खूण करायची राहते. निर्यात करताना ते दुहेरी बाजूचं धरलं जातं आणि गोडॉटमध्ये अख्खी फळी काळी ठिक्कर दिसते. निर्यातीत 'अप्लाय मॉडिफायर्स' चालू असायला हवं, हेही पाहा. लांबवरच्या रेघा चमचमत असतील तर टेक्स्चरच्या इम्पोर्टमध्ये मिपमॅप्स (दूरसाठीच्या लहान प्रती) चालू करा आणि मटेरियलच्या सॅम्पलिंगमध्ये अॅनिसोट्रॉपिक फिल्टर (तिरक्या कोनातही चित्र स्पष्ट ठेवणारा) निवडा. दूरच्या रेघा थोड्या करड्या होतील, ते चालतं.

आता कटआउट. मूळ खेळात कोपऱ्याआडून डोकावणारा पुठ्ठ्याचा बेंडी (खेळातलं कार्टून पात्र) ज्यांनी पाहिला, त्यांना त्याचं मोल सांगायला नको. आमचा कटआउट २ सेंटिमीटर जाड, माणसाच्या छातीएवढा उंच, पांढरे हातमोजे, गोठलेलं हसू. त्याने दिसत असताना तसूभरही हलायचं नाही. पहिल्या जोडणीत व्हिजिबल-ऑन-स्क्रीन नोटिफायर वापरला. तो कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येतं एवढंच बघतो, मधली भिंत धरत नाही. परिणामी वळणाआड, कुणाला न दिसणारा कटआउटही जागचा हलेना. उपाय म्हणून कॅमेऱ्यापासून डोकं आणि दोन्ही हात अशा तीन ठिकाणी रेकास्ट (मधे काही अडतं का ते पाहणाऱ्या अदृश्य रेषा) टाकले. तिन्ही अडले आणि दीड सेकंद तसेच राहिले, तरच जागा बदलायची. संपूर्ण बोळकांडीत हे तीनदाच. चौथ्यांदा केलं की खेळणारा कटआउटकडे कोडं म्हणून बघू लागतो आणि भीती जाते.

डोकावण्याची हालचाल सेकंदाला १२ चित्रांच्या हिशोबाने बसवली आहे, जुन्या कार्टूनमध्ये एकेक चित्र दोन फ्रेम धरायचे तशी. बाहेर येताना ४ चित्रं, थांबा ८, आत जाताना फक्त २. येणं सावकाश आणि जाणं झपकन, यातच सगळं आलं. अॅनिमेशन ट्रॅकचं इंटरपोलेशन (दोन चित्रांमधली भर) नीअरेस्ट ठेवा. लिनिअरवर राहिलं तर दरवाजा सरकल्यासारखं दिसतं.

वळणानंतर कटआउट नाही, खरा हलता जीव येतो; त्याचे हात रबराच्या नळीसारखे, कोपर नसलेले. ब्लेंडरचे बेंडी बोन्स (वाकणारी हाडं; खेळातल्या बेंडीशी संबंध नाही) इथे उपयोगी पडत नाहीत, ते जीएलटीएफ या निर्यातीच्या फाइल-प्रकारातून बाहेर येतच नाहीत. दर हाताला ६ साधी हाडं, त्यांना स्प्लाइन आयके (हाडं वक्र रेषेवर वाकवणारी सोय), आणि निर्यातीआधी बेक, म्हणजे हालचाल हाडांवर पक्की करणं. हाताच्या जाळीला किमान १२ आडवी कडी हवीत. ८ कड्यांवर वाकलेल्या ठिकाणी हात चपटा होऊन कोपर दिसायला लागलं.

शाईचा ओघळ नॉइझ शेडरने (अनियमित नक्षी काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) केला तर तो सलग वाहतो आणि मोटारीच्या तेलासारखा वाटतो. शेडरमधला वेळ एक-बारांश सेकंदाच्या पायऱ्यांनी पुढे नेल्यावर ओघळ चित्रातला वाटू लागला. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.१५ ठेवली आहे, म्हणजे काळ्यावर कागदी रंगाची एकच चकाकी उमटते. जमिनीवरच्या थारोळ्याची कड मात्र अजून फळ्यांच्या रेघांत मिसळून जाते.

प्रोजेक्टरच्या उजेडाबद्दल एक सावधगिरी. खऱ्या प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेमला दोन-तीनदा उजेड तोडतं, त्यामुळे उघड लुकलुक दिसत नाही. जुनेपणा येतो तो प्रखरतेतल्या ४-५ टक्के चढउतारातून आणि चित्राच्या एक-दोन पिक्सेल डुलण्यातून. दिवा पूर्ण विझवून पेटवायचा असेल तर सेकंदाला तीनच्या वर नको; झगमगाटाने ज्यांना झटके येतात त्यांच्यासाठी हे पाळायलाच हवं.

आवाजात ग्रामोफोनची तबकडी झाली: मोनो, २०० हर्ट्झच्या खालचं आणि ५००० च्या वरचं कापलेलं, खरखर उणे ३० डेसिबलला. हा फिल्टर फक्त तबकडी आणि प्रोजेक्टरच्या बसवर (त्यांच्या आवाजाच्या वाहिनीवर) लावा. पावलं आणि पाइपातली गुळगुळ स्वच्छच हवी, ती खेळणाऱ्याच्या शेजारी घडत असते. पाइपाचा आवाज डोक्यावरून पुढे सरकताना मधेच तुटतो. तीन प्लेअर ४ मीटरच्या अंतरावर आहेत, ते २ मीटरवर आणून पुन्हा तपासायचं आहे.