टेनर वही, महिना १४ : टेकडीवरचे दोन सूर

खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आलं आणि माझा घरातला रियाझ थांबला. तीन आठवडे टेनर सॅक्सोफोनची पेटी उघडलीच नाही. शेवटी अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या आठवणीने सॅक्स पाठीला लावला आणि तळजाईची टेकडी गाठली.

१९५९ साली रॉलिन्स अठ्ठावीस वर्षांचा होता. नाव गाजत होतं, पण आपलं वाजवणं त्या नावाला पुरत नाही असं त्याला स्वतःलाच वाटायला लागलं आणि त्याने कार्यक्रम बंद केले. न्यूयॉर्कच्या ग्रँड स्ट्रीटवर शेजारीण गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागला. शेजारून गाड्या धडधडत जायच्या, खाली नदीत बोटींचे भोंगे, आणि हा कधीकधी पंधरा-पंधरा तास. १९६१ पर्यंत हे चाललं. पुढच्या वर्षी जिम हॉलच्या गिटारसोबत 'द ब्रिज' ही रेकॉर्ड आली.

तो पूल का, हे मला टेकडीवर पहिल्या पाच मिनिटांत कळलं. खोलीत भिंती आपला सूर परत देतात, तो भरदार वाटतो. उघड्यावर काहीच परत येत नाही. माझा खालचा डी हा सूर चक्क पोकळ निघाला. त्यामुळे महिनाभर रोज अर्धा तास फक्त लाँग टोन, म्हणजे एकच सूर लांबवर धरून ठेवणं, पोटातून हवा सोडत. वाऱ्याने रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी तोंडाकडची पातळ पट्टी, पटकन सुकते, दर दहा मिनिटांनी ओली करावी लागते.

खालचा बी-फ्लॅट मात्र फुटतच होता. दोष ओठांत शोधत बसले होते, निघाला जी-शार्पच्या पॅडमध्ये, म्हणजे त्या सुराचं छिद्र झाकणाऱ्या गादीत. खालचा डी वाजवताना जी-शार्पची की दाबून पाहा. सूर तुटला तर पॅड नीट बसत नाही. वरचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळला आणि बी-फ्लॅट बोलला! इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

आता बसवतेय रॉलिन्सची 'सेंट थॉमस' ही चाल. रॉलिन्सची आई व्हर्जिन बेटांची, ही चाल तो तिच्याकडून ऐकत वाढला. २२ जून १९५६ ला 'सॅक्सोफोन कोलॉसस'साठी ती ध्वनिमुद्रित झाली, ड्रम्सवर मॅक्स रोच. चारच दिवसांनी त्यांच्या बँडचा ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला. हे कळल्यापासून ती रेकॉर्ड मला वेगळीच ऐकू येते.

टेनरवर ही चाल डी मेजरमध्ये पडते, बोटांना सोपी. अवघड आहे तो सोलो, म्हणजे रॉलिन्सने एकट्याने केलेला विस्तार. सुरुवातीला नुसते दोन सूर. तेच पुन्हा, जरा उशिरा, मग जरा लवकर. आपल्याकडे गवई दोन स्वरांवर जशी बढत करतो, तसंच. मी पहिल्यांदा बसवला तेव्हा सूर सगळे बरोबर होते आणि सोलो मेलेला होता, कारण मधल्या रिकाम्या जागा मी घाईने भरत होते. आता त्या जागा मोजून वाजवते. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ९६ वरून १३२ वर आलाय. रोचच्या सोलोनंतर कॅलिप्सोचा कॅरिबियन ताल सुटून स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय लागते, तिथे अजून धडपडते.

हा माणूस साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात राहून गेला आणि १९७८ ला मुंबईत 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवून गेला. तेव्हा समोर बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्या रात्रीचा आवाज कसा होता, ते मला सांगाच.